अमरिलिसच्या पानांवर मोझॅक: लिलीचे विषाणू, त्यांचा प्रसार आणि कुंड्यांचा निवाडा

प्रश्न थोडक्यात असा: मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर बॉक्स ग्रिलमध्ये अमरिलिसच्या अकरा कुंड्या आणि एशियाटिक लिलीच्या चार. अमरिलिसच्या तीन कुंड्यांत पानांवर फिकट आणि गडद हिरव्या रंगाचे लांबट चट्टे आलेत. नर्सरीवाल्याने करपा म्हणून बुरशीनाशक दिलं, तीन फवारण्या झाल्या, फरक शून्य. एशियाटिक लिली पहिल्या वर्षी छान फुलल्या, दुसऱ्या वर्षी वीतभर वाढून थांबल्या. दरम्यान अमरिलिसची पिल्लं सोसायटीत दोन घरी आणि डोंबिवलीला बहिणीकडे गेली आहेत. कोणतं औषध मारावं?

आधी उत्तर, मग कारणं. अमरिलिसवर दिसतंय ते बहुधा विषाणूचं मोझॅक, म्हणजे फिकट-गडद चट्ट्यांचा रोग, आहे आणि त्यावर कोणतंही औषध नाही. बुरशीनाशक, कीटकनाशक, हळदीचं पाणी, ताक, स्ट्रेप्टोसायक्लिन, यांपैकी काहीही कंदात शिरलेला विषाणू बाहेर काढत नाही. एशियाटिक लिलीचं खुजं राहणं मात्र वेगळ्या कारणाने असावं, आणि त्या कारणाचा विषाणूशी संबंध नसण्याची शक्यता जास्त. दोन्ही गोष्टी एकत्र घडल्या म्हणून एकाच रोगाच्या वाटतात.

मुंबईत ‘लिली’ म्हणून जे विकलं जातं त्यात अनेक निरनिराळ्या वनस्पती असतात. दादरच्या फुलबाजारात गुच्छासाठी येणारी एशियाटिक आणि ओरिएंटल ही खरी लिली, लिलियम. अमरिलिस, रेन लिली, स्पायडर लिली, फुटबॉल लिली आणि सुदर्शन म्हणजे क्रायनम ही सगळी अमरिलिसच्या कुळातली. कळलावी तिसऱ्याच कुळातली. हा फरक महत्त्वाचा, कारण विषाणू यजमान निवडतात. अमरिलिसला (शास्त्रीय नाव हिपिअॅस्ट्रम) मुख्यतः हिपिअॅस्ट्रम मोझॅक विषाणू धरतो. तो खऱ्या लिलीवर जाण्याची फारशी भीती नाही. खऱ्या लिलीचे नेहमीचे तीन म्हणजे लिली सिम्प्टमलेस, लिली मॉटल आणि कुकुंबर मोझॅक. यातला शेवटचा, ज्याला सगळे सीएमव्ही म्हणतात, तो दोन्ही कुळांवर जातो. त्याच्या यजमान वनस्पतींची संख्या हजारावर आहे. काकडी, मिरची, टोमॅटो, केळ, चवळी आणि कुंडीत आपोआप उगवणारा केना हे सगळे त्यात आले. म्हणून ग्रिलमध्ये लिलीच्या शेजारी काय आहे हा प्रश्न लिलीइतकाच महत्त्वाचा.

लिली सिम्प्टमलेस विषाणूबद्दल दोन वाक्यं जास्त, कारण सगळ्यात जास्त फसगत त्याच्यामुळे होते. तो एकटा असेल तर पान स्वच्छ, फूल ठीक, फक्त झाड दर वर्षी थोडं लहान आणि कंद थोडा बारीक. त्याच झाडात पुढे सीएमव्ही शिरला की दोघे मिळून पानावर तपकिरी-करडे मृत ठिपके, वेडंवाकडं पान आणि किडकी कळी असा खेळ करतात. ‘कालपर्यंत चांगलं होतं’ असं वाटतं ते त्यामुळे. एक जण आधीपासून आत बसलेला होता.

पान कसं बघायचं

पान तोडू नका. उजेडाच्या विरुद्ध बाजूने, आकाशाकडे धरून बघा. मोझॅक असेल तर फिकट आणि गडद हिरव्याचे तुकडे शिरांच्या दिशेने लांबट पसरलेले, कडा अस्पष्ट, डाव्या-उजव्या बाजूला सारखेपणा नाही. अमरिलिसमध्ये फुलाच्या दांड्यावरही तसेच पट्टे दिसतात आणि ही खूण पानापेक्षा जास्त भरवशाची आहे. खऱ्या लिलीत पान पिळवटलेलं, टोक एका बाजूला वळलेलं, फुलाच्या पाकळीवर रंग तुटल्यासारखे फराटे असं दिसू शकतं.

कधी बघायचं तेही ठरलेलं आहे. उष्णतेत मोझॅक झाकला जातो. एप्रिल-मे महिन्यांत रोगट झाडही बरं झाल्यासारखं दिसतं आणि लोक खूश होऊन त्याचीच पिल्लं वाटतात. अमरिलिससाठी जून-जुलैमध्ये येणारी नवी पानं आणि खऱ्या लिलीसाठी डिसेंबर-जानेवारी हा तपासणीचा काळ. जुन्या पानांवरून निष्कर्ष काढू नका. त्यांच्यावर ऊन, पाऊस, किडे, खत सगळ्यांच्या खुणा असतात.

मोझॅकसारखं दिसणारं पण मोझॅक नसलेलं मुंबईत भरपूर आहे. अमरिलिसच्या पानावर, दांड्यावर किंवा कंदाच्या सालीवर लाल-तांबडे डाग असतील तर ती बहुतेक वेळा स्टॅगोनोस्पोरा ही बुरशी असते. पावसाळ्यात कंदाची मान सतत ओली राहिली की ती येते. तिच्यावर कॉपर ऑक्सिक्लोराइड, लिटरला अडीच ग्रॅम, चालतं. तुमच्या नर्सरीवाल्याचं औषध या रोगासाठी उपयोगी पडलं असतं. अमरिलिसला कुठेही जखम झाली तरी लाल रंग येतो, तेव्हा लाल दिसलं की घाबरायचं कारण नाही आणि लाल दिसलं म्हणून विषाणू म्हणायचंही नाही. पानावर चंदेरी ओरखडे आणि काळे बारीक कण असतील तर फुलकिडे. पानावर सुईच्या टोकाएवढे पिवळे ठिपके आणि खाली बारीक जाळी असेल तर लाल कोळी. नव्या पानात शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी, दोन्ही बाजूंना अगदी सारखी, तर लोहाची कमतरता. चिलेटेड लोह दिल्यावर पुढची पानं हिरवी येतात, मोझॅकमध्ये येत नाहीत. पश्चिमेच्या ग्रिलमध्ये फक्त उन्हाकडच्या बाजूला पांढरट कागदी डाग असले तर ते ऊन. आणि जुलै-ऑगस्टमध्ये काळ्या अंगावर पांढरे-केशरी ठिपके असलेल्या अळ्या एका रात्रीत अमरिलिसची पानं फस्त करतात, त्या लिलीच्या पतंगाच्या. उपद्रवी, पण विषाणू पसरवत नाहीत. हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका, काम झालं.

पांढऱ्या पट्ट्यांची स्पायडर लिली किंवा क्रायनम नर्सरीत मुद्दाम विकतात. तिथे पट्टा पानाच्या टोकापासून बुडापर्यंत सलग, कडा धारदार आणि वर्षानुवर्षं तसाच. त्याला रोग समजून फेकू नका.

एशियाटिक लिली खुजी का राहिली

या कंदांना फुलण्याआधी थंडी लागते: २ ते ५ अंशांत ६ ते ८ आठवडे. बाजारात येणारा कंद हॉलंडहून शीतगृहातून येतो, म्हणून पहिल्या वर्षी डिसेंबरमध्ये लावला की फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो. त्यानंतर मुंबईच्या गरम, दमट हवेत तो पुन्हा पोसला जात नाही, कंद आक्रसतो आणि थंडी न मिळाल्याने पुढच्या खेपेला पानांचा तुरा काढून थांबतो. फ्रिजच्या भाजीच्या खणात, किंचित ओलसर कोकोपीटमध्ये, भोकं पाडलेल्या पिशवीत ठेवून बघता येईल. पण त्याच खणात सफरचंद किंवा केळी असतील तर त्यांच्यातून निघणारा इथिलीन वायू आतली कळी मारतो. खरं सांगायचं तर मुंबईत एशियाटिक लिली हंगामी झाड समजून लावावी आणि फूल झाल्यावर कंद टाकून द्यावा. पैशांच्या दृष्टीने हे नको वाटतं, पण दर वर्षी नवा कंद आणल्याने विषाणू साठून राहण्याचा रस्ताही आपोआप बंद होतो. तुमच्या चार कुंड्यांपैकी ज्यांची पानं उजेडात धरल्यावर एकसारखी हिरवी दिसतात, त्यांच्या बाबतीत विषाणूची चिंता नको. त्यांना फक्त थंडी मिळाली नाही.

विषाणू झाडातून जात का नाही

वनस्पतींच्या विषाणूला स्वतःचं यंत्र नसतं. तो झाडाच्याच पेशीची यंत्रणा वापरून वाढतो, त्यामुळे त्याला मारणारं रसायन पेशीलाही मारतं. एकदा रसवाहिन्यांत उतरला की पान, दांडा, मुळं, कंदाचे पापुद्रे आणि बाजूला सुटणारी बहुतेक पिल्लं, सगळीकडे पोचतो. रोगट पान कापून टाकल्याने झाड बरं होत नाही. दिसणारी खूण तेवढी जाते.

वाढीच्या अगदी टोकाचा भाग, मिलिमीटरपेक्षाही लहान, बऱ्याचदा विषाणूपासून मोकळा राहतो. त्या टोकापासून निरोगी रोप तयार करण्याची पद्धत १९५२ साली फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्टिन यांनी डेलियावर दाखवली आणि आज लिलीचे स्वच्छ मातृकंद तसेच तयार होतात, सोबत उष्णतेचा उपचारही देतात. हे घरी होत नाही. एक सावधगिरी: ‘टिश्यू कल्चर’ एवढ्या शब्दावर भुलू नका. रोगट झाडाच्या साध्या तुकड्यापासून केलेल्या टिश्यू कल्चरमधून हजारो रोगट रोपं निघतात. टोकापासून केलं का आणि नंतर विषाणूची चाचणी झाली का, हे दोन प्रश्न विचारायचे. हिमाचल प्रदेशातल्या पालमपूरच्या आयएचबीटी या हिमालयीन जैवसंपदा संशोधन संस्थेत लिली आणि तिच्या विषाणूंवर असं काम झालेलं आहे.

प्रसाराचा सगळ्यात मोठा रस्ता: कंद आणि पिल्लं

लोक मावा शोधत बसतात आणि विषाणू कागदात गुंडाळून, भेट म्हणून, लोकलने प्रवास करतो. अमरिलिसचं पिल्लू, रेन लिलीची जुडी, लिलीच्या कंदाची एखादी पाकळी, टायगर लिलीच्या पानांच्या बेचक्यातले काळे मणी, ही सगळी आईचीच शाखा आहेत. आई रोगट तर बहुतेक पिल्लं रोगट. टायगर लिलीचा नेहमीचा प्रकार बी धरत नाही, मण्यांवरच वाढतो, आणि विषाणू अंगात बाळगूनही तब्येतीने राहतो. म्हणून ती शेजारच्या नाजूक लिलींना सगळ्यात धोकादायक. थंड हवेच्या ठिकाणाहून कोणी तिचे मणी आणून दिले तर खऱ्या लिलीजवळ लावू नका.

यात एक मोहाची जागा आहे. रंग तुटलेलं, फराटे पडलेलं फूल सुंदर दिसतं आणि नेमकी त्याचीच पिल्लं मागितली जातात. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये ज्या पट्टेदार ट्युलिपसाठी लोकांनी घरादाराएवढे पैसे मोजले, ते पट्टे विषाणूचे होते. हा रंगभेद कंदातून कंदाला संसर्गाने जातो हे डोरोथी केली यांनी इंग्लंडमधल्या जॉन इनेस संस्थेत १९२८ साली दाखवलं. ट्युलिपचा रंग तोडणारा तो विषाणू आणि लिली मॉटल हे जवळचे नातेवाईक. बराच काळ दोघांना एकच मानलं जात होतं. तुमच्या लाल अमरिलिसला अचानक पांढरे तुटक फराटे आले आणि पानांवरही मोझॅक असेल, तर ती नवी जात नव्हे.

मावा: किडा दिसत नाही तरी रोग येतो तो कसा

हिपिअॅस्ट्रम मोझॅक, लिली मॉटल, लिली सिम्प्टमलेस, सीएमव्ही हे सगळे माव्याने पसरतात आणि पसरण्याची पद्धतही एकच. पंख असलेला मावा झाडावर उतरतो, हे आपलं खाणं आहे की नाही ते कळण्यासाठी सोंड काही सेकंद वरच्या थरातल्या पेशीत खुपसतो. तेवढ्यात विषाणू सोंडेच्या टोकाला चिकटतो. चव आवडली नाही की उडतो, पुढच्या झाडावर तसंच चाखतो आणि तिथे विषाणू ठेवतो. सगळा व्यवहार मिनिटभरात. काही तासांत, किंवा दोन-चार झाडं चाखून झाल्यावर, त्याची सोंड पुन्हा स्वच्छ होते.

यातून तीन गोष्टी निघतात आणि तिन्ही नेहमीच्या समजुतीच्या उलट आहेत. एक, लिलीवर मावा वस्तीला नसला तरी रोग येतो. चाखून उडून गेलेला मावा तुम्हाला दिसणारच नाही. दोन, इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही कीटकनाशक हा प्रसार थांबवत नाही, कारण मावा मरायच्या आधीच चाखून झालेला असतो. काही फवारण्यांनी तर मावा बिथरतो आणि जास्त झाडांवर उड्या मारतो. बाल्कनीत, घरात मुलं आणि वरच्या मजल्यावर कबुतरं असताना असली औषधं मारून हाती काही लागत नाही. तीन, अंतर उपयोगी पडतं. रोगट आणि निरोगी झाडामध्ये दुसरी, या विषाणूला न जुमानणारी झाडं असली तर माव्याची सोंड वाटेतच पुसली जाते.

आता मुंबईची बाजू. आपल्याकडे जास्वंद घरोघरी, आणि जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यावर कापसावरचा मावा ठरलेला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्याचा मोसम. जोराच्या पावसात तो धुऊन जातो, म्हणून जुलैमध्ये कमी दिसतो. शेंडा गजबजला की पंखवाले मावे निघतात आणि ते थेट शेजारच्या कुंड्या चाखत जातात. जास्वंदीवर मुंग्यांची रांग दिसली की वर मावा आहे असं समजा. माव्याच्या गोड चिकट द्रवासाठी मुंग्या त्याला राखतात. मिरची आणि काकडीच्या कुंड्या दुहेरी धोक्याच्या: मावाही तिथे, सीएमव्हीही तिथे. केना तर कुंडीतून दर आठवड्याला उपटा. तो सीएमव्हीचं कायमचं कोठार आहे, पावसाळाभर हिरवा राहतो आणि एक पेर मातीत राहिलं तरी पुन्हा फुटतो. सोसायटीच्या आवारात केळ असेल आणि तिच्या नव्या पानांवर पिवळे तुटक पट्टे असतील तर तिच्या बुडाशी केना आहे का बघा. असेल तर खालच्या माळ्याशी बोलून तो काढून घ्या.

पांढऱ्या कापसासारखा पिठ्या ढेकूण मुंबईत माव्याहून जास्त दिसतो. तो अमरिलिसच्या मानेत बसून झाड अशक्त करतो, पण हे विषाणू तो नेत नाही. त्याचा बंदोबस्त जरूर करा, मात्र मोझॅकचा आळ त्याच्यावर घेऊ नका.

करायचं काय? जास्वंद आणि मिरची ग्रिलच्या एका टोकाला, लिली दुसऱ्या टोकाला, मध्ये मनीप्लांट, स्नेक प्लांट, कढीपत्ता असं काहीतरी. जास्वंदीच्या शेंड्यांवर दर तीन दिवसांनी पाण्याचा जोरदार फवारा, पानांच्या खालच्या बाजूने. मावा राहिलाच तर निंबोळी तेल ५ मिलि आणि पातळ साबण १ ते २ मिलि, एक लिटर पाण्यात, ऊन उतरल्यावर. ही फवारणी जास्वंदीवर, मावा कमी करण्यासाठी. लिलीवर वेगळी फवारणी लागते: बागायती खनिज तेल १ टक्का, म्हणजे लिटरला १० मिलि. तेलाच्या थरामुळे सोंडेवरचा विषाणू नीट चिकटत किंवा सुटत नाही. हॉलंडमधले लिलीचे शेतकरी याच कारणाने हंगामभर खनिज तेल फवारतात. मात्र नव्या वाढीवर थर नसतो, म्हणून नोव्हेंबर-फेब्रुवारीत दर आठवड्याला फवारावं लागतं. पारा ३२ अंशांच्या वर असताना किंवा उन्हात मारलं तर पान भाजतं. आणि गंधकाची फवारणी केली असेल तर तीन आठवडे तेल नको. एवढा खटाटोप अकरा कुंड्यांसाठी जास्त वाटत असेल तर जाळी घ्या, ४० ते ५० मेशची कीटकरोधक. खिडकीची मच्छरदाणी पुरत नाही, मावा तिच्या भोकातून आरामात आत येतो.

कात्री, बोटं आणि कंद कापायची सुरी

अमरिलिसचा दांडा कापला की पाण्यासारखा रस गळतो. तो रस पात्यावर राहिला आणि पुढचा दांडा त्याच कात्रीने कापला तर विषाणू हाताने टोचल्यासारखा आहे. कंद चिरून त्याच्या दुहेरी पापुद्र्यांपासून रोपं करतात तेव्हा धोका सर्वाधिक, कारण एकाच सुरीने पंधरा-वीस काप होतात आणि एक रोगट कंद सगळ्या तुकड्यांना लावून ठेवतो.

स्पिरिट किंवा सॅनिटायझरने पातं पुसणं पुरेसं नाही. या विषाणूंना बाहेरून चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे अल्कोहोलचा भरवसा धरता येत नाही. कपड्यांचं ब्लीच, ज्यात ४ ते ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असतं, एक भाग आणि पाणी नऊ भाग. पातं आधी पाण्याने धुऊन रस काढा, मग एक मिनिट बुडवा, मग स्वच्छ पाण्यात खंगाळा. द्रावण रोज नवं करा. उन्हात आणि मातीत त्याचा जोर जातो. पात्याला गंज चढतो, म्हणून शेवटी तेलाचं बोट फिरवा. टॉयलेट साफ करायच्या अॅसिडच्या बाटलीत किंवा बादलीत ब्लीच कधीही ओतू नका, क्लोरीन वायू निघतो. गंज नको असेल तर ट्रायसोडियम फॉस्फेट, लिटरला १०० ग्रॅम, हातमोजे घालून. सोपी युक्ती म्हणजे स्वस्तातल्या तीन सुऱ्या घ्या: एक हातात, दोन द्रावणात, प्रत्येक झाडाला बदली. आणि कामाचा क्रम कायम निरोगी कुंडीपासून संशयित कुंडीकडे. माळी ठेवला असेल तर हा क्रम त्याला कुंड्यांवर खडूने आकडे घालून दाखवा. तो दिवसभर वीस घरांत एकच कात्री चालवतो.

माती आणि पाणी

अमरिलिसच्या मोझॅकला मातीची भीती नाही. झाडाबाहेर तो फार टिकत नाही. मातीत खरा धोका असतो तो राहिलेल्या पिल्लांचा. तांदळाएवढं पिल्लू चाळणीतून सुटतं आणि पुढच्या वर्षी निरोगी कंदाच्या शेजारी रोगट पान काढतं. खऱ्या लिलीत प्लँटॅगो एशियाटिका मोझॅक नावाचा विषाणू मात्र वेगळा आहे. २०१० च्या सुमारास हॉलंडच्या लिलींत तो गाजला. त्याला मावा लागत नाही. रसाने, मातीने, मुळांना लागणाऱ्या पाण्याने जातो आणि पानावर गंजाच्या रंगाच्या रेघा ओढतो. म्हणून आयात कंदांच्या कुंड्या एकाच ट्रेमध्ये ठेवू नका, एकीचं गळलेलं पाणी दुसरीला पाजू नका आणि ती माती पुढच्या वर्षी लिलीला वापरू नका. टोमॅटो-मिरचीलाही नको, मोगऱ्याला किंवा तगरीला चालेल.

बी: यातून सुटायचा घरगुती मार्ग

हिपिअॅस्ट्रम मोझॅक, लिली मॉटल, लिली सिम्प्टमलेस हे बियांतून जात नाहीत. रोगट झाडाचं बी पेरलं तरी रोप स्वच्छ निघतं. एखादं अमरिलिस आजीच्या हातचं असेल तर त्याचा वंश असा राखता येतो, फक्त रंग हुबेहूब येईल याची खात्री नाही. मार्च ते मेमध्ये फूल उमललं की दुसऱ्या जातीच्या फुलाचा पिवळा पराग, स्त्रीकेसराच्या टोकाची तीन बोटं उघडल्यावर, त्यावर टेकवा. बोंड चार ते पाच आठवड्यांत पिवळं पडून तडकतं. काळ्या, कागदासारख्या बियांपैकी उजेडात धरल्यावर मध्ये जाड ठिपका दिसतो त्या घ्या. ताटलीतल्या पाण्यावर तरंगत ठेवा. दोन आठवड्यांच्या आसपास मूळ फुटतं. मग कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत समभाग, बी जेमतेम झाकेल इतकं खोल. महिनाभरात पेरा, जुनं बी उगवत नाही. पहिली दोन वर्षं पाणी पूर्ण तोडू नका आणि रोपं कीटकरोधक जाळीखाली, आईपासून लांब ठेवा, नाहीतर तोच विषाणू माव्यावर बसून परत येईल. फूल तीन वर्षांच्या आसपास. रेन लिली बियांपासून याहून खूप लवकर फुलते.

तुमच्या अकरा कुंड्या

मोझॅक असलेल्या तीन आज बाजूला करा, शक्यतो घराच्या दुसऱ्या बाजूच्या खिडकीत. उरलेल्या आठांना एकदम निरोगी म्हणू नका. पुढच्या जूनच्या नव्या पानांपर्यंत त्या संशयित. त्या काळात कोणाचीही पिल्लं वेगळी करू नका. तिन्हींपैकी साध्या लाल जातीचे कंद सरळ नष्ट करा: जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून तीन-चार दिवस कडक उन्हात शिजू द्या, मग पालिकेच्या ओल्या कचऱ्यात. गच्चीवरच्या कंपोस्ट ड्रममध्ये ताजा कंद टाकला तर तो तिथे रुजतो, आणि ते खत सगळ्या सोसायटीत जातं. एखादा कंद ठेवायचाच असेल तर जाळीखाली, वेगळ्या कात्रीसह, बी धरण्यापुरता.

खात्री हवी असेल तर पोटीव्हायरस गटाची (हिपिअॅस्ट्रम मोझॅक आणि लिली मॉटल याच गटातले) आणि सीएमव्हीची चाचणी पट्टी मिळते. रंग बदलून दहा-पंधरा मिनिटांत उत्तर. नमुना नव्या पानाचा घ्या. होकार आला तर पक्का, नकार आला तर फक्त त्या पानापुरता, कारण विषाणू झाडात सारखा पसरलेला नसतो. स्वस्त सामान्य जातीसाठी पट्टीच्या किमतीत नवा कंद येतो, तेव्हा हा खर्च दुर्मीळ जातींपुरताच.

नवा कंद घेताना नर्सरीत पान असलेलं झाड मागा, उजेडात धरा, दांडा बघा. पाकिटातला आयात कंद सरकारी नियमांप्रमाणे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्रासह येतो, पण हॉलंडच्या तपासणीतही वर्गानुसार थोडं विषाणूप्रमाण चालवून घेतात. म्हणून कोणताही नवा कंद एक हंगाम वेगळ्या कोपऱ्यात.

दिलेल्या पिल्लांचं आजच करून टाका. तिन्ही घरी फोन करून सांगा की ती कुंडी इतर अमरिलिसपासून लांब ठेवावी, तिची पिल्लं पुढे कोणाला देऊ नयेत आणि जूनमध्ये पहिली दोन नवी पानं आली की उजेडात धरून फोटो पाठवावा. बहिणीकडे कुंडीत मिरची किंवा काकडी असेल तर तिला केन्याबद्दलही सांगा. चट्टे दिसले तर कंद पिशवीत, उन्हात, वरच्यासारखाच; आणि बदल्यात तुमच्या बियांच्या रोपांतलं एक द्या.